पिंपातली रिकामी जागा

६ मार्च

वन्सं,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते. तुमची खुशाली मला लेकीच्या तोंडून कळते, माझी तिच्याच तोंडून तुम्हाला पोचते, आणि मधल्या मध्ये ती काय काय गाळते ते तिचं तिला ठाऊक. तेव्हा खुशाली राहू दे. कामाचं बोलते.

तळघरातली वाइन कमी होतेय.

मी वेडी नाही. पिंप काठोकाठ भरायचं नसतं हे या घरात पाऊल टाकल्यापासून ऐकतेय. लग्नानंतर मामंजी मला पहिल्यांदा खाली घेऊन गेले, जुन्या रांगेतल्या एका पिंपाचं बूच उचललं, दिवा धरला आणि म्हणाले, "बघ सूनबाई, साय." मी वाकून बघितलं. वाइनवर पांढरट, सुरकुतलेली साय होती, तापवून निवलेल्या दुधावर धरते तशी. तुम्ही आणि तुमचे भाऊ बाजूला उभे होतात. सगळ्यांना वाटलं मी म्हणेन, अगं बाई, काय सुंदर! मी विचारलं, "पण वरचं रिकामं का? वरचं कोण प्यालं?"

त्यावर तुम्ही जे हसलात ते मी अजून विसरलेले नाही.

माझं माहेर वखारवाल्यांचं. आमच्याकडे डबा अर्धा दिसला की आधी माणसांची तोंडं बघायची आणि मग डब्यात बघायचं. झाकणावर लाखेची मोहोर नसली तर माल गेलाच असं धरून चालायचं. तुमच्याकडे सगळं उलटं. बूच नुसतं टेकवून ठेवायचं, कोणीही उचलावं असं, आणि आत एवढी मोठी पोकळी सोडायची. सायीला हवा लागते म्हणे. लागत असेल. पण तिला हवा लागते म्हणून माझी वाइन का कमी व्हावी?

हिवाळा लागायच्या आधी मी मामंजींच्या जुन्या रांगेतल्या प्रत्येक पिंपात काठी बुडवून बघितली आणि आतली पातळी बाहेरून खडूने आखून ठेवली. कोणाला बोलले नाही. काल पुन्हा काठी घातली. सगळ्या पिंपांत पातळी खडूच्या खाली, आणि दाराजवळच्या पिंपात सगळ्यात जास्त. चोर आळशी आहे एवढं नक्की.

आता तुम्हालाच का लिहितेय ते सांगते. तुमचे भाऊ गेल्यावर मी तळघराची मोजदाद काढली तेव्हा मामंजींचं धाकटं पिंप जागेवर नव्हतं. दोन हातांत उचलता येईल एवढं, पण सगळ्या घराचं मूळ तेच. त्यातलीच साय पळीने काढून मामंजींनी बाकीच्या पिंपांना विरजण लावलं होतं. तळघरात तेव्हा तुमचा वावर होता, माझा नव्हता. मी तुमच्या भावाच्या उशाशी बसून होते. ते पिंप कुठे आहे हे मी तुम्हाला चारचौघांत विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी नेलं नाही," आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेलात. निर्दोष माणूस भांडतो, वन्सं. बॅग भरत नाही.

एकदा ज्याला रस्ता माहीत झाला तो पुन्हा येतो, नाहीतर कोणालातरी पाठवतो. धाकटं पिंप परत करा आणि इथे कोण तुमचं काम करतंय तेही सांगून टाका. मी बोभाटा करणार नाही.

वहिनी

२४ मार्च

वन्सं,

उत्तर नाही. मूग गिळून बसायची ही तुमची खोड जुनीच. त्या दिवशीही तुम्ही एक वाक्य बोललात आणि बाकीचं सगळं मला ओरडायला सोडलंत, म्हणून जगाला वाटलं मीच कजाग.

तर ऐका, माझी चौकशी चालू आहे. पहिला संशय अर्थात बुचमामावर. मामंजींनी ठेवलेला माणूस, बुचं, पळ्या, पिंपांच्या लोखंडी पट्ट्या सगळं त्याच्याच हातात. मला तो 'बाई' म्हणतो आणि तुम्हाला अजूनही 'मोठ्या बाई', तुम्ही इथे नसतानासुद्धा. यातून काय समजायचं ते मी समजले.

मामंजींच्या वेळची ती रीत तो अजून चालवतो. जुन्या रांगेतून थोडी वाइन बाटल्यांसाठी काढायची, तिच्या जागी मधल्या रांगेतली घालायची, आणि मधल्या रांगेत त्या वर्षीची नवी. एवढी भांडी, एवढ्या नळ्या, एवढं ओतणं. यात बादलीभर इकडची तिकडे झाली तर कोणाच्या बापाला कळणार? या खेपेला मी खुर्ची टाकून समोर बसले.

"किती काढलीस?"

"नेहमीएवढी, बाई."

"नेहमी म्हणजे किती?"

"तिला झेपेल तेवढी."

"तिला म्हणजे कोणाला?"

"सायीला. जास्त काढली तर फाटते. अजिबात नाही काढली तर नवं पोटात जात नाही, मग वाळते."

म्हणजे मापही सायच ठरवणार, आणि सायीला काय हवं ते सांगणार हा. असा कारभार असेल तर मलाही चोरी करायला आवडेल.

दुसरा संशय त्या लॅबवालीवर. तुमच्या वेळी नव्हती ती. कॉलेजात शिकवते, महिन्यातून एकदा येते, काचेच्या नळीत थोडी साय घेऊन जाते आणि एक पैसा मागत नाही. फुकट काम करणाऱ्या माणसाकडे मी आधी नीट बघून घेते. तिला खडूच्या रेघा दाखवल्या तर हसली. हल्ली सगळ्यांना माझं हसू येतं.

"काकू, चोर इथेच बसलाय," म्हणाली आणि उघड्या बुचातून आत बोट दाखवलं. "ही साय म्हणजे यीस्ट. जिवंत आहे. द्राक्षाच्या रसात साखर असते तोवर हे जीव खाली बुडून साखर खातात. साखर संपली की उपाशी पडतात. मग काय करतात, एकमेकांना चिकटतात. अंगाला पाणी धरत नाही, बुडबुडे धरतात, आणि सगळे मिळून वर तरंगतात. वर हवा असते. हवा मिळाली की वाइनमधली दारूच खायला लागतात."

"म्हणजे दारुडे."

"अट्टल. पण खाता खाता वाइनला तो वास देतात, कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, कोवळ्या बदामाचा. लोक त्याचेच तर पैसे देतात तुम्हाला. शिवाय वर पांघरूण घालून बसतात, म्हणून खालची वाइन हवेने काळवंडत नाही. थोडी वाइन ते खातात, थोडी लाकडातून उडते. दाराजवळ वारा जास्त, म्हणून तिथे घट जास्त."

मी ऐकून घेतलं. उपाशी पडल्यावर एकमेकांना चिकटणारं कुटुंब मी तरी पाहिलेलं नाही, आपल्यात तर नाहीच. आणि चोरच घराची राखण करतो असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पण तिने आणि बुचमामाने एकमेकांकडे बघितलं ते मात्र मी बघितलं. कुठेतरी पाणी मुरतंय. दोघांनी मिळून मला घोळात घ्यायचं ठरवलंय, आणि ते ठरवायला त्यांना कोणी शिकवलं असेल त्याचा पत्ता मी या पाकिटावर लिहितेय.

वहिनी

१५ एप्रिल

वन्सं,

तुमच्या माणसाला मी काढून टाकलं.

परवा मी आवाज न करता खाली गेले. बुचमामा शेवटच्या पिंपामागे पाटावर बसला होता, हातात पेला, डोळे मिटलेले.

"हे काय?"

"वास बघतोय, बाई."

"वास बघायला भरलेला पेला लागतो?"

 त्याने तोंडातली वाइन बाजूच्या बादलीत थुंकली, तोंड पुसलं आणि उठला. मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. एवढ्या वर्षांचा माणूस, वाटलं पाया पडेल, आरडाओरडा करेल. त्याने पळी पुसून जागेवर टांगली आणि दारात वळून म्हणाला, "मला काढा बाई, पण बुचं ठोकू नका."

मी बुचं ठोकणार आहे हे त्याला कसं कळलं? लाख मी आदल्या दिवशीच आणून कपाटात ठेवली होती. लेकीशिवाय कोणी पाहिली नव्हती.

असो. काम झालं. मधल्या रांगेतली वाइन काढून मी जुनी रांग काठोकाठ भरून घेतली. मधलीत कमी पडली ती यंदाच्या नव्याने भरली, आणि उरलेली सगळी नवी त्याच दिवशी घाऊक गिऱ्हाइकाला देऊन टाकली, म्हणजे तळघरात उघडं असं भांडंच उरलं नाही. भरलेल्या भांड्यातून एक पेला काढला तरी लगेच दिसतो, हे माझ्या वडिलांनी मला फ्रॉकात असताना शिकवलं. मग बुचं हातोडीने बसवली, वर लाख ओतली, आणि माहेरून आणलेला वखारीचा शिक्का मारला. दोन माणसं रोजावर घेतली होती. एक म्हणाला, वास काय छान येतोय. मी म्हटलं, शेवटचा घे.

संध्याकाळी लेक फोन घेऊन आली. "आत्याचा निरोप आहे. लाख काढ म्हणते. आत्ताच्या आत्ता काढ."

मार्चपासून मी लिहितेय, तुम्ही एक ओळ खरडत नाही. धाकट्या पिंपाबद्दल शब्द नाही. आणि बुचं बंद झाली तर त्याच दिवशी निरोप! तुमचं कुठे दुखतंय ते आता मला नेमकं कळलं. लाख तुम्हाला नको, म्हणजे ती बरोबर जागी बसलीय.

लेक रडली. तिला म्हटलं, बुचमामासाठी रडतेस की आत्यासाठी? म्हणाली, "सायीसाठी. आई, तिला श्वास घ्यायला लागतो." अठ्ठावीस वर्षांची बाई, आणि बोलणं असं.

वहिनी

१९ जून

वन्सं,

एक सोडली, तर एकाही मोहोरेला तडा नाही. रोज सकाळी दिवा घेऊन फिरते, शिक्क्यावरून बोट फिरवते. इतकी वर्षं मी त्या तळघरात पाहुण्यासारखी उतरत होते. आता खाली गेले की छाती भरून येते. हे सगळं आहे तिथे आहे, कोणी हात लावलेला नाही. तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही या घरात जन्मलात. मला इथे प्रत्येक गोष्ट मागून घ्यावी लागली.

लॅबवालीला सध्या येऊ नकोस म्हणून सांगितलं. यंदा पाऊस लांबलाय, उन्हाळा कडक आहे. बुचमामा जमिनीवर पाणी शिंपडायचा तेही बंद केलं. ओल्या जमिनीवर पावलं उमटत नाहीत, कोरड्या धुळीवर उमटतात.

आणि उमटली. मागच्या सोमवारी शेवटच्या पिंपापाशी पावलं, आणि शिक्का फुटलेला. पावलं लहान होती. लेकीला बोलावलं तर तिने सरळ कबूल केलं. म्हणाली, "हो, मी उघडलं. तू पण वास घे. एकदा खाली वाकून वास घे आई, मग मला काय बोलायचं ते बोल."

मी वाकले नाही. मुलगी चोरी पकडली गेल्यावर आईला वास घ्यायला सांगते, म्हणजे तिला कोणीतरी पढवलेलं असतं. मी तिच्यादेखत पुन्हा लाख ओतली. ती भिंतीला टेकून बघत राहिली आणि म्हणाली, "मेली असेल आता. साय बुडाली, हवा नाही, नवं काही पोटात नाही."

"मेली तर मेली. वाइन तर आहे ना पिंपात!"

असं मी बोलले. रागात बोलले, पण बोलले. लिहू नये असं वाटत होतं. तुम्हाला ती सांगेलच, म्हणून आधीच लिहून टाकलं.

ती काल तुमच्याकडे यायला निघाली. पोचली असेल. तुम्ही जिंकलात. माझ्या घरातून आधी पिंप नेलंत, आता पोरगी. तिला सकाळी उपाशीपोटी चहा देऊ नका, तिला पित्त होतं.

वहिनी

१२ सप्टेंबर

वन्सं,

हे पत्र लेकीला वाचून दाखवू नका. तुम्ही एकट्या वाचा.

मागच्या आठवड्यात आपला तो हॉटेलवाला आला, मामंजींच्या वेळचा गिऱ्हाईक. वर्षाची मागणी नोंदवायची आणि जुन्या रांगेतली चव घ्यायची, हा त्याचा शिरस्ता. मी मोठ्या दिमाखात त्याला खाली नेलं. त्याला शिक्के दाखवले. म्हटलं, बघा, आता कशी शिस्त आहे. त्याच्यासमोर लाख फोडली, बूच उपटलं.

पळी टांगलेलीच होती. मी आत घातली, पेल्यात ओतली. आपली वाइन वाळक्या गवताच्या रंगाची असायची ना? ही चहाच्या रंगाची. मला वाटलं दिव्याचा दोष. त्याने घोट घेतला. सभ्य माणूस, थुंकला नाही, गिळला. मग पेला खाली ठेवून माझ्या मुलीची चौकशी करू लागला. मुलगी कशी आहे, कुठे असते, लग्नाचं काही बघताय का. मागणी नोंदवायची राहिलीच. जाताना मला म्हणाला, "तुमच्या सासऱ्यांची आठवण आली," आणि मला एकदम जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तो गेल्यावर मी एकामागून एक पिंप उघडलं. सगळी. प्रत्येकात वाकले. तुमच्यासारखं नाक मला नाही, पण ओलं फडकं कोंडून ठेवल्यावर कसं येतं तेवढं मलाही कळतं. सफरचंद नाही, बदाम नाही. साय कुठेच नाही. काठी तळाशी नेली तर खाली मऊ गाळ लागला. ती खाली बसली होती, आणि लाकडातून शिरणारी हवा अडवायला वर कोणी उरलं नव्हतं.

लॅबवालीला मीच फोन केला. ती त्याच दिवशी आली, एक शब्द टाकून बोलली नाही. मला ती बोलली असती तर बरं वाटलं असतं. प्रत्येक पिंपातून नमुना नेला, काचेच्या ताटल्यांत वाढवून बघितला. आज येऊन सांगितलं. काही ताटल्यांत काहीच आलं नाही, काहींत आलं ते भलतंच. मधल्या रांगेचीही तीच गत. मामंजींची साय त्यांत नाही.

"दुसरीकडून आणता येईल?" मी विचारलं.

"यीस्ट आणता येईल, काकू. कुठूनही येईल. पण ती त्या ठिकाणची असेल. ही इथे राहून राहून इथली झाली होती. इथल्या लाकडाची, इथल्या गारव्याची. ही वाइन दुसरीकडे होत नव्हती ती त्यामुळेच."

मग ती चाचरत म्हणाली, "पूर्वी कोणी यातली थोडी साय बाहेर नेली असेल का? एखादं लहान भांडं? कोणी ते अधूनमधून नवी वाइन घालून पोसलं असेल, तर अजून जिवंत असेल. तेवढी पळीभर पुरते."

वन्सं, ती गेल्याबरोबर हे पत्र लिहायला बसले.

मी तुम्हाला चोर म्हटलं. चारचौघांत म्हटलं, पत्रांत म्हटलं, लेकीसमोर म्हटलं. आता एवढंच मागते, मी म्हटलं ते खरं करा. तुम्ही धाकटं पिंप नेलं होतं ना? तुम्ही नेलंच असणार. तुमच्या बापाची साय, तुम्ही ती माझ्यासारखीच्या हाती सोडून जाल? मी तुमच्या जागी असते तर मीही नेलं असतं. बॅगेत घालून, साडीत गुंडाळून, कसंही. आणि तुम्ही ते टाकून देणाऱ्यातल्या नाही. तुमच्या स्वयंपाकघरात कुठेतरी सावलीत ते असेल, बूच नुसतं टेकवलेलं, आणि तुम्ही अजून महिन्याच्या महिन्याला त्यात पेलाभर नवी वाइन घालत असाल.

हो म्हणा. मी काहीही ऐकून घेईन. तुमच्या दारात येऊन, शेजारपाजारच्यांसमोर, तुम्ही म्हणाल तसं म्हणेन. फक्त एकदा हो म्हणा.

वहिनी

२० सप्टेंबर

वन्सं,

उत्तराची घाई करू नका. त्या पत्राला उत्तर नको.

तुमच्या फोनची वाट बघून बघून जीव थाऱ्यावर राहीना, म्हणून काल मी बुचमामाकडे गेले. मला वाटलं, त्याला माहीत असेल. तुमचा माणूस ना तो! तुम्ही पिंप नेलंत तेव्हा त्यानेच दार धरलं असेल, असं मनाशी म्हणत गेले. त्याचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. दोन खोल्या, दाराशी कुंडी, आत नातवंडाचा दंगा. त्याने दार उघडलं पण आत या म्हणाला नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. साय गेली म्हटल्यावर त्याने दाराची चौकट धरली.

"सगळ्या पिंपांतली?"

"सगळ्या. पण धाकटं पिंप आहे ना! मोठ्या बाईंकडे. तू त्यांना सांग, मी काही बोलणार नाही. तुझ्या पाया पडते, सांग त्यांना."

त्याने नातवंडाला आतल्या खोलीत पिटाळलं. मग म्हणाला, "बाई, धाकटं पिंप कुठे गेलंच नाही."

"म्हणजे?"

"मालक आजारी होते तेव्हाची गोष्ट. त्या पिंपाची पट्टी गंजली होती. मला दिसली होती, मी उद्या बघू, उद्या बघू करत राहिलो. एक दिवस पट्टी तुटली, फळ्या सुटल्या. मोठ्या बाई खाली होत्या म्हणून निम्मी तरी वाचली, त्यांनी घमेल्यात धरली. तुम्ही औषधं आणायला गेला होतात, तेवढ्यात मालकांना उचलून खाली आणलं. त्यांनी स्वतः ती वाइन आणि साय जुन्या रांगेतल्या पहिल्या पिंपात ओतली. फळ्या जाळल्या."

मी विचारलं, मग हे कोणी मला सांगितलं का नाही.

तो मान खाली घालून म्हणाला, "मालक म्हणाले, हिला कळलं तर ही तुला एक दिवस ठेवणार नाही. मोठ्या बाईंकडून वचन घेतलं, माझी चाकरी आहे तोवर बोलायचं नाही. नंतर तुम्ही त्यांच्यावर आळ घेतलात. मी बोलायला गेलो तर त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. माझी पोरगी तेव्हा लग्नाची होती. मी गप्प बसलो, बाई. त्या माझ्यासाठी चोर झाल्या."

आतून नातवाने हाक मारली. तो आत गेला नाही, मला जा असंही म्हणाला नाही. 

मी एप्रिलमध्ये त्याला काढला तेव्हा तुमचं वचन संपलं होतं. तुम्ही फोन करून सांगू शकला असतात, अगं मूर्ख बाई, पिंप तुझ्याच तळघरात आहे. ते सोडून तुम्ही निरोप कसला पाठवलात, तर लाख काढ म्हणून. तुम्हाला तुमची अब्रू सोडवायची नव्हती, साय वाचवायची होती. मी त्याचा अर्थ काय लावला तो तुमच्याकडे माझ्याच अक्षरात आहे.

बुचमामाला परत ये म्हटलं. म्हणाला, बघतो. आज सकाळी आला होता. तळघरात फिरला, जमिनीवर पाणी शिंपडलं, बुचं सगळी काढून बाजूला ठेवली. कुठल्याच पिंपात वाकला नाही. लॅबवाली म्हणते, मेलेली वाइन काढून टाका, येत्या हंगामाची नवी पिंपांत भरा, वर जागा सोडा आणि थांबा. लाकडाच्या भेगेत एखादा जीव तगून असेल तर वर येईल. खात्री देत नाही म्हणाली. आणि वर काही धरलं तरी ते आपलं की भलतंच, हे आधी नाकाला कळतं, काचेत मागाहून. ते नाक या घरात एकाच माणसाला होतं, आणि मी त्या माणसाला घालवलं. तुम्हाला या म्हणायचा अधिकार मला नाही. तरी म्हणते, या. लेकीला घेऊन या, किंवा तिला तिथेच ठेवून एकट्या या. मला काय बोलायचं ते या घरात उभ्या राहून बोला, पुरतं बोला, एका वाक्यावर थांबू नका.

मामंजींची साय शेवटपर्यंत माझ्याच पिंपात होती. मी तिच्यावर माझ्या हाताने लाख ओतली. इतकी वर्षं तुम्ही चोर नव्हतात आणि मी तुम्हाला चोर म्हणत राहिले. कालपासून एकच वाटतंय, लिहायची लाज वाटते पण लिहिते. वन्सं, तुम्ही खरंच ते पिंप चोरायला हवं होतं.

वहिनी